जमीनजुमल्याचा मध्यस्थ: त्याची नोंदणी कशी मिळते व कशी टिकते

पुणें, नाशिक, नागपूर यांसारख्या शहरांच्या भोंवतालच्या गांवांत शेतजमिनीचे भूखंड पडून विकले जाण्याचें काम आतां वर्षानुवर्षें चाललें आहे. जेथें कालपरवांपर्यंत ऊंस अगर भाजीपाला होत असे तेथें चुन्याच्या रेघा ओढलेल्या दिसतात व रस्त्याच्या कडेस विक्रीच्या पाट्या उभ्या राहतात. या व्यवहारांत शेतकऱ्याचा संबंध तीन नात्यांनीं येतो. कांहीं जण जमीन विकणारे असतात. कांहीं जण त्या पैशांतून दुसरीकडे भूखंड वा घर विकत घेणारे असतात. आणि शेतकऱ्यांचीं मुलेंही, शेतीस जोडधंदा म्हणून, घेणारा व विकणारा यांची गांठ घालून देण्याचा, म्हणजे मध्यस्थाचा, धंदा करूं लागलीं आहेत. पहिल्या दोघांस मध्यस्थ पारखून घ्यावा लागतो. तिसऱ्यास स्वतःच कायद्याच्या कसोटीस उतरावें लागतें. तिघांच्याही उपयोगीं पडेल अशी माहिती या लेखांत देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हा विषय शेतकीच्या मासिकांत कशाला, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर असें कीं, बियाणें खोटें निघालें तर एक हंगाम बुडतो. पण जमिनीचा अगर घराचा व्यवहार खोटा निघाला तर एका पिढीची कमाई बुडते. शिवाय गांवांतील तरुण जेव्हां मध्यस्थ होतो तेव्हां त्याचे पहिले गिऱ्हाईक त्याचे भाऊबंद, सोयरे व शेजारीच असतात. ते कागद पाहून पैसे देत नाहींत. माणूस पाहून देतात. म्हणून अशा तरुणानें कायदा नीट समजून घेणें हें दुसऱ्या कोणाहीपेक्षां अधिक अगत्याचें आहे.

कायदा कोणता?

सदनिका बांधून विकणाऱ्यांवर महाराष्ट्रांत १९६३ च्या कायद्यानें बंधनें घातलीं होतीं. पण त्यांचा माल खपवून देणाऱ्या दलालावर लक्ष ठेवण्याची व्यवस्था त्या कायद्यांत नव्हती. पुढें संसदेनें ‘स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६’ हा कायदा केला. त्याचीं कांहीं कलमें १ मे २०१६ पासून व उरलेलीं १ मे २०१७ पासून अंमलांत आलीं. लोक त्यास ‘रेरा’ म्हणतात. त्याखालीं आपल्या राज्यांत ‘महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरण’ स्थापन झालें असून त्याचें बोलीभाषेंतील नांव ‘महारेरा’ असें आहे. मध्यस्थाचीं नोंदणी व कर्तव्यें या कायद्याच्या ९ व्या व १० व्या कलमांत सांगितलीं आहेत, आणि तपशील राज्य सरकारच्या २०१७ च्या नियमांत आहे.

बोलतांना लोक ‘दलालीचें लायसन’ म्हणतात. कायद्याचा शब्द मात्र ‘नोंदणी’ असा आहे. पण परिणामाच्या दृष्टीनें दोहोंत फरक थोडा. नोंदणीवांचून धंदा केल्यास दंड, व नोंदणीच्या अटी मोडल्यास ती रद्द, असा हा मामला आहे. एकदां मिळालेली नोंदणी सबंध राज्यांत चालते. जिल्ह्याजिल्ह्याची वेगळी घ्यावी लागत नाहीं.

नोंदणी कोणास लागते व कोणास नाहीं

या मुद्द्यासंबंधानें पुष्कळ गैरसमज आहेत, म्हणून येथें थोडें सविस्तर लिहितों.

प्रवर्तक, म्हणजे ज्यास आपण बिल्डर अगर भूखंडवाला म्हणतों, तो ज्या प्रकल्पाची महारेराकडे नोंदणी झाली आहे त्यांतील भूखंड, सदनिका वा गाळे विकीत असतां, मोबदला घेऊन ती विक्री जुळवून देणाऱ्या प्रत्येकास नोंदणी लागते. मोबदल्यास दलाली म्हणा, कमिशन म्हणा, वा ‘चहापाण्याचे’ म्हणा. कायदा नांवाकडे पाहत नाहीं. मध्यस्थ एकटा मनुष्य असो, भागीदारी असो वा कंपनी असो, नियम एकच.

प्रकल्पाची नोंदणी केव्हां लागते? जमिनीचें क्षेत्र ५०० चौरस मीटरांहून अधिक नसेल, अथवा सर्व टप्पे धरून सदनिका आठांहून अधिक नसतील, तर प्रकल्पाच्या नोंदणीची सक्ती नाहीं. एक गुंठा म्हणजे सुमारें १०१ चौरस मीटर. तेव्हां ५०० चौरस मीटर म्हणजे पुरते पांच गुंठेही नव्हेत. यावरून ध्यानांत येईल कीं, नियोजन क्षेत्रांतील एकर-दोन एकरांचे भूखंड पाडून विकणारा कोणीही ‘आमचें काम लहान आहे, आम्हांस रेरा लागत नाहीं’ असें म्हणूं लागला तर तें म्हणणें टिकणारें नाहीं. ज्या प्रकल्पाची नोंदणी व्हावयास हवी होती पण झालेली नाहीं, त्यांतील विक्री जुळवून देणें हा मध्यस्थाचाही अपराध आहे.

आतां दुसरी बाजू. एका शेतकऱ्यानें आपला गट दुसऱ्या शेतकऱ्यास विकला आणि मध्यें कोणी गांवचा दलाल राहिला, तर तो व्यवहार प्रकल्पांतील नव्हे. त्या दलालास या कायद्यानें नोंदणीची सक्ती नाहीं. तसेंच एखाद्यानें आपलें राहतें घर दुसऱ्यास विकलें, तर ती प्रवर्तकानें केलेली विक्री नव्हे. म्हणून शेतजमीन विकणाऱ्यानें हें पक्कें समजावें कीं, त्याच्या व्यवहारांत रेराचें छत्र बहुधा त्याच्या डोक्यावर नसतें. त्यानें कोणती खबरदारी घ्यावी तें पुढें सांगतों.

तिसरी गोष्ट भागीदारीची. कित्येक शेतकरी जमीन विकून न टाकतां बिल्डरास विकसनासाठीं देतात व मोबदल्यांत कांहीं सदनिका अगर उत्पन्नांतील हिस्सा घेतात. अशा जमीनमालकास महारेरा प्रवर्तकांपैकींच एक समजतें. आपल्या वांट्याच्या सदनिका विकण्यासाठीं त्यास मध्यस्थाची नोंदणी नको, हें खरें. पण ती विकत घेणाऱ्यांपुढें प्रवर्तक म्हणून त्याच्यावर जबाबदारी येऊं शकते. हा करार करण्यापूर्वीं स्वतःच्या वकिलाचा सल्ला घ्यावा. बिल्डरानें दिलेल्या वकिलावर विसंबूं नये.

आधीं शिक्षण, मग परीक्षा

आरंभींच्या वर्षांत अर्ज व फी दिली कीं नोंदणी मिळत असे. अनुभव असा आला कीं, नोंदणी झालेल्या पुष्कळांस चटई क्षेत्र म्हणजे काय हेंही सांगतां येत नसे. त्यामुळें महारेरानें २०२३ च्या जानेवारींत हुकूम काढून मध्यस्थांस शिक्षण व परीक्षा सक्तीची केली. आतां इच्छुकानें प्रथम २० तासांचा अभ्यासक्रम मान्यताप्राप्त संस्थेकडे पुरा करावा लागतो व नंतर परीक्षा देऊन सक्षमता प्रमाणपत्र मिळवावें लागतें. १ जानेवारी २०२४ पासून या प्रमाणपत्रावांचून नवी नोंदणी होत नाहीं व जुनीही चालूं राहत नाहीं. ही सक्ती कागदावरच राहिली असें कोणी समजूं नये. २०२४ सालीं सुमारें वीस हजार मध्यस्थांची नोंदणी प्रमाणपत्राअभावीं स्थगित करण्यांत आली.

परीक्षेसाठीं पाठांतरापेक्षां समज अधिक उपयोगी पडते. पुढील गोष्टी स्वतःच्या शब्दांत दुसऱ्यास सांगतां येतील इतका अभ्यास करावा: चटई क्षेत्र कसें मोजतात, वाटपपत्र व विक्रीकरार यांत फरक काय, जमिनीच्या मालकीहक्काचा वकिली दाखला कसा वाचावा, प्रकल्पावर बोजा वा दावा आहे कीं नाहीं हें कोठें पाहावें, आणि घर ठरल्या मुदतींत न मिळाल्यास घेणाऱ्यास काय हक्क आहेत. शेतकऱ्याच्या मुलास यांत एक सोय आहे. सातबारा, फेरफार, हद्द, वहिवाट, वारसनोंद हीं प्रकरणें त्यानें घरींच पाहिलेलीं असतात. शहरांतील उमेदवारास जें पुस्तकांतून शिकावें लागतें तें त्यास निम्मेंअधिक ठाऊक असतें.

अर्ज कसा करावा

अर्ज महारेराच्या संकेतस्थळावर करावयाचा असतो. एकट्या व्यक्तीस फी १०,००० रुपये व भागीदारी, कंपनी वगैरेंस १,००,००० रुपये आहे. सोबत साधारणपणें पुढील कागद लागतात:

१. अर्जदाराचें नांव, छायाचित्र, धंद्याच्या जागेचा पत्ता व त्या पत्त्याचा पुरावा.

२. आयकर खात्याचें पॅन कार्ड.

३. मागील तीन वर्षांचीं आयकराचीं विवरणपत्रें. तीं भरण्याची पात्रता नसल्यास तसें प्रतिज्ञापूर्वक निवेदन.

४. भागीदारी वा कंपनी असल्यास तिचीं स्थापनेचीं कागदपत्रें.

५. आपल्याविरुद्ध चालूं असलेल्या दिवाणी अगर फौजदारी प्रकरणांचा तपशील, व अन्य राज्यांत नोंदणी असल्यास तिची माहिती.

६. धंद्यांत वापरावयाचीं पत्रशीर्षें, शिक्के व पावत्या यांचे नमुने.

७. सक्षमता प्रमाणपत्र.

तिसऱ्या बाबीसंबंधानें एक सूचना. ज्याचें उत्पन्न केवळ शेतीचें आहे त्यानें आजवर विवरणपत्र भरलें नसणें शक्य आहे. त्यानें घाबरून जाण्याचें कारण नाहीं, पण खोटें विवरणपत्र तयार करून देणाऱ्याच्या नादीं मात्र लागूं नये. जें खरें आहे तेंच निवेदनांत लिहावें. पांचव्या बाबीविषयींही तसेंच. भाऊबंदकीचा एखादा दिवाणी दावा चालूं असेल तर तो लिहून द्यावा. तो लिहिल्यानें जेवढें बिघडेल त्याहून लपविल्यानें अधिक बिघडतें; कारण खोटी माहिती देऊन मिळविलेली नोंदणी पुढें केव्हांही रद्द होऊं शकते.

अर्ज नामंजूर करावयाचा झाल्यास प्राधिकरणास कारणें लेखी द्यावीं लागतात व अर्जदाराचें म्हणणें ऐकून घ्यावें लागतें. नोंदणी मिळाली म्हणजे ती पांच वर्षें चालते. मुदत संपण्यापूर्वीं पुरेसा अवधि ठेवून नूतनीकरणाचा अर्ज व फी द्यावी. मुदत संपलेल्या नोंदणीवर केलेला व्यवहार हा नोंदणीवांचून केलेलाच व्यवहार होय.

नोंदणी टिकविणें

नोंदणी मिळविण्यापेक्षां ती राखणें कठीण, व तेथेंच चांगल्या मध्यस्थाची परीक्षा होते. कायद्यानें घातलेलीं मुख्य बंधनें अशीं:

पहिलें, नोंदणी न झालेल्या प्रकल्पाची विक्री करूं नये. ‘नंबर आठ दिवसांत येणार आहे, तोंवर इसार घेऊन ठेवा’ असें सांगणारा प्रवर्तक भेटला तर त्यास नमस्कार करून परत फिरावें.

दुसरें, आपला नोंदणी क्रमांक कचेरींत दिसेल असा लावावा, आणि प्रत्येक जाहिरातींत व व्यवहाराच्या कागदांत प्रकल्पाच्या क्रमांकासह लिहावा. भ्रमणध्वनीवरून गटागटांत पाठविलेली जाहिरातही जाहिरातच होय.

तिसरें, हिशेबाच्या वह्या, पावत्या व कागदपत्रें व्यवस्थित ठेवावीं व जपावीं. कोणाकडून, कोणत्या प्रकल्पासाठीं, किती रक्कम व कोणाच्या नांवें घेतली, हें त्याच दिवशीं लिहिलें जावें. आमच्या मतें प्रत्येक व्यवहाराची वेगळी फाईल ठेवणें हा सर्वांत स्वस्त विमा आहे.

चौथें, खोटें वा दिशाभूल करणारें बोलूं नये. तोंडीही नव्हे व लेखीही नव्हे. प्रवर्तकास जी मंजुरी मिळालेली नाहीं ती मिळाली आहे असें भासविणें हा अनुचित व्यापार ठरतो. ‘येथून रस्ता जाणार’, ‘दोन वर्षांत दुप्पट होणार’ असलीं आश्वासनें भूखंडाच्या बाजारांत सर्रास चालतात. पण नोंदणीकृत मध्यस्थाच्या तोंडीं तीं त्याच्याच गळ्यास फांस होऊं शकतात.

पांचवें, नोंदणी करतेवेळीं घेणाऱ्यास जी माहिती व जीं कागदपत्रें पाहण्याचा हक्क आहे तीं त्याच्या हातीं पडतील अशी व्यवस्था करावी. आणखी एक नियम मध्यस्थानें पाठ करून ठेवावा: विक्रीकरार लेखी करून तो दस्तनोंदणी कचेरींत नोंदविल्यावांचून प्रवर्तकास किंमतीच्या शेंकडा १० हून अधिक रक्कम घेतां येत नाहीं. घेणाऱ्यास ही मर्यादा ठाऊक नसेल तर ती सांगणें हें मध्यस्थाचें काम आहे, मग प्रवर्तक रुष्ट झाला तरी चालेल.

चुकल्यास काय होतें

नोंदणीवांचून धंदा केल्यास, किंवा वरील कर्तव्यें मोडल्यास, रोज १०,००० रुपये दंड होऊं शकतो, व तो वाढत वाढत त्या भूखंडाच्या वा सदनिकेच्या किंमतीच्या शेंकडा ५ पर्यंत जाऊं शकतो. याचा हिशेब मांडून पाहूं. समजा, १२ लाख रुपयांचा भूखंड विकून दिला व दलाली शेंकडा दोन ठरली. मिळकत झाली २४,००० रुपये. दंडाची कमाल मर्यादा होते ६०,००० रुपये, आणि रोजच्या दहा हजारांनीं ती अवघ्या सहा दिवसांत गांठली जाते. म्हणजे मिळालेली दलाली जाऊन पदरचे ३६,००० रुपये भरावे लागतील. दहा गिऱ्हाईकांस असे दहा भूखंड विकले असतील तर काय होईल, तें वाचकांनींच ताडावें.

याखेरीज अटींचा भंग, अगर फसवणुकीनें नोंदणी मिळविणें, या कारणांवरून नोंदणी स्थगित वा रद्द होऊं शकते. मात्र तत्पूर्वीं मध्यस्थास आपली बाजू मांडण्याची संधि मिळते. नाराज झालेल्या घेणाऱ्यास मध्यस्थाविरुद्ध प्राधिकरणाकडे तक्रार करतां येते. प्राधिकरणाच्या निर्णयावर ६० दिवसांच्या आंत अपील न्यायाधिकरणाकडे व तेथून उच्च न्यायालयाकडे जातां येतें. अपील न्यायाधिकरणाचा हुकूम न पाळल्यास एक वर्षापर्यंत कैदही होऊं शकते.

शेतजमीन विकणाऱ्यानें काय करावें

वर सांगितल्याप्रमाणें शेतजमिनीच्या निव्वळ विक्रींत दलालावर रेराचा अंकुश नाहीं. पण म्हणून शेतकरी अगदींच निराधार आहे असें नव्हे. १८७२ चा कराराचा कायदा त्याच्या मदतीस येतो. दलालास आपण आपल्या वतीनें काम सांगितलें म्हणजे तो आपला प्रतिनिधि झाला, आणि प्रतिनिधीनें धन्यास हिशेब दिलाच पाहिजे. त्यानें आपणांस न कळवितां त्या व्यवहारांत स्वतःच्या लाभासाठीं घेणारा म्हणून हात घातला, तर त्यांत झालेला फायदा मागण्याचा धन्यास हक्क आहे. आणि महत्त्वाची गोष्ट लपविली असेल वा आपलें नुकसान झालें असेल तर तो व्यवहारच नाकारतां येतो.

हें कलम शेतकऱ्यांनीं विशेष ध्यानांत घ्यावें. कारण शहरालगतच्या गांवांत दलालानें शेतकऱ्याकडून स्वस्त दरानें साठेखत आपल्याच माणसाच्या नांवें करून घेणें व मागाहून तीच जमीन चढ्या दरानें तिसऱ्यास देणें, हा प्रकार नवा नाहीं. मात्र हक्क बजावावयाचा तर पुरावा हवा. म्हणून दलालास काम सांगतांना एका कागदावर लिहून घ्यावें: कोणता गट, किती क्षेत्र, कमींत कमी दर काय, दलाली किती, ती केव्हां द्यावयाची, आणि तो केवळ आपल्याच बाजूनें काम करणार कीं दोन्ही बाजूंनीं घेणार. इसाराची रक्कम बँकेंतूनच घ्यावी. दलालाच्या नांवें कुलमुखत्यारपत्र करून देऊं नये. ज्याच्या हातीं मुखत्यारपत्र त्याच्या हातीं जमीन, ही जुनी गोष्ट आहे.

कायद्याच्या दोन मर्यादाही विसरूं नयेत. शेतजमीन बिगरशेतकऱ्यास विकण्यास सामान्यतः जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. पश्चिम महाराष्ट्रांत १९४८ च्या कुळकायद्याचें ६३ वें कलम त्यासंबंधीं आहे, व मराठवाडा व विदर्भ यांचे कुळकायदे वेगळे आहेत. दुसरी मर्यादा १९४७ च्या तुकडेबंदीच्या कायद्याची. त्यांत पुढील दुरुस्त्यांनीं कांहीं भागांस सवलती मिळाल्या आहेत. परंतु आपला गट त्यांत बसतो कीं नाहीं हें तहसील कचेरींत विचारल्यावांचून गुंठ्यागुंठ्यानें विक्री करूं नये.

घेणाऱ्यानें मध्यस्थ कसा पारखावा

प्रथम मध्यस्थाचा व प्रकल्पाचा असे दोन्ही क्रमांक मागावे. मध्यस्थाचा क्रमांक ‘ए’ या इंग्रजी अक्षरानें व प्रकल्पाचा ‘पी’ या अक्षरानें सुरू होतो. एकाच्या जागीं दुसरा दाखविला जात नाहीं ना, हें पाहावें. मग दोन्ही क्रमांक महारेराच्या संकेतस्थळावर घालून नांव, पत्ता व मुदत जुळते कीं नाहीं तें तपासावें. ज्यास स्वतःस हें जमत नसेल त्यानें घरांतील शिकत्या मुलीस वा मुलास सांगावें; दहा मिनिटांचें काम आहे. तेथेंच प्रकल्पाच्या जमिनीचे कागद, मंजूर नकाशे, पुरें करण्याची तारीख व प्रवर्तकानें नेमलेल्या मध्यस्थांचीं नांवें पाहावयास मिळतात. आपला मध्यस्थ त्या यादींत नसेल तर कां नाहीं, हें विचारण्यास संकोच करूं नये. रक्कम प्रवर्तकाच्या नांवेंच द्यावी. मध्यस्थाच्या खात्यांत भूखंडाची किंमत भरूं नये.

दलालीचा दर या कायद्यानें ठरविलेला नाहीं. तो उभयतांच्या कराराचा विषय आहे. म्हणून तो पहिल्याच भेटींत लेखी ठरवावा.

मध्यस्थाचा धंदा हलका आहे असें आम्हांस वाटत नाहीं. बाजारसमितींत चोख वजन करणारा अडत्या जसा शेतकऱ्यास हवा असतो, तसाच जमिनीच्या व्यवहारांत चोख कागद दाखविणारा मध्यस्थही हवा आहे. गांवांतील ज्या तरुणांस हें काम करावयाचें असेल त्यांनीं आधीं वीस तासांचें शिक्षण घ्यावें, परीक्षा द्यावी, नोंदणी करावी व मगच पहिलें गिऱ्हाईक पाहावें. आणि ज्यांनीं अगोदरच धंदा सुरू केला आहे त्यांनीं आजच आपलें प्रमाणपत्र काढून त्यावरील मुदतीची तारीख वाचून ठेवावी.